कारणाचा रकाना

अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसायची, टोक जिभेला लावायचं, वही मांडीवर उघडायची आणि समोरच्याकडे न बघताच म्हणायचं, "आधी लिहू, मग बघू." आमच्या सिस्टरांची आठवण निघाली की मला पहिल्यांदा हे दिसतं. समोरचा माणूस रडत असो, भांडत असो, नाहीतर पाय मुरगळून ओट्यावर बसलेला असो, क्रम ठरलेला. आधी नाव, मग गाव, मग दुखणं कधीपासून, आणि मग पाय.

तुम्हाला वाटेल, काय कोरडी बाई आहे. पहिले सहा महिने मलाही तसंच वाटायचं. मी तेव्हा मुळशी तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात कंपाउंडर होतो. एकदा औषधाची बाटली हातात फुटली आणि काच तळव्यात घुसली. मी बोंबलत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेन्सिल काढली.

"किती वाजता लागलं, भाऊ?"

"सिस्टर, रक्त वाहतंय!"

"ते दिसतंय मला. वेळ दिसत नाही."

मग मात्र काच अशी अलगद काढली की मी बोंबलायचं विसरलो. वर स्वतः स्टोव्ह पेटवून चहा करून दिला आणि मी तो पिईपर्यंत समोर बसून राहिल्या.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. वहीत ज्यांची नावं आली ती वहीबाहेर जाता कामा नयेत, असं त्यांनीच मला बजावलं होतं. तोच नियम मी त्यांनाही लावतो. पुढं येणारी ठकूबाई आणि मंजुळा ही नावंसुद्धा मीच ठेवलेली आहेत. माणसं खरी.

सरकारातून आम्हाला शाईची पेनं मिळायची. त्यांचं पेन टेबलाच्या खणात तसंच पडून असायचं. मी एकदा चेष्टा केली, "सिस्टर, पेन लेकीच्या लग्नासाठी राखून ठेवलंय का?" लेक नव्हती, लग्नही झालेलं नव्हतं, पण चेष्टा त्यांना चालायची. म्हणाल्या, "माणूस चुकतं, भाऊ. शाईनं लिहिलं की चूक कायमची होते. पेन्सिल बरी. खोडता येतं." त्यांच्या पेन्सिलीच्या मागचं रबर नेहमी झिजून पत्र्याला टेकलेलं असायचं.

त्या नगरकडच्या. लहानपणीच आईबाप गेलेले, बोर्डिंगात वाढलेल्या. चाळिशी ओलांडली होती, अंगानं सडसडीत. डोंगरावरच्या वाड्यांना चालत जायच्या तेव्हा मी मागं धापा टाकत असायचो. बाळांची वजनं करायचं त्यांना वेड होतं. आढ्याला काटा टांगायचा, त्याला झोळी अडकवायची, झोळीत पोर. एका आजीनं एकदा हरकत घेतली.

"तराजूत घालाया त्ये काय कांदं हायेत व्हय?"

सिस्टर म्हणाल्या, "कांद्याला भाव असतो म्हणून त्याचं वजन करता ना आजी? मग नातवाला काय भाव नाही?"

 नंतर काटा हलू नये म्हणून तिनंच वरून दोरी धरली, आणि आकडा काय आला ते दोनदा विचारून घेतलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या भागात तेव्हा बाळंतपणं घरीच व्हायची. नाळ कापायची ती घरात असेल त्या विळ्यानं. वर चुलीतली राख. बरीच पोरं छान वाढायची. पण एखादं सहाव्या-सातव्या दिवशी अंगावर पिईनासं व्हायचं, जबडा आवळायचा, नुसता हात लावला तरी धनुकलीसारखं ताठ व्हायचं, आणि जायचं. घरची म्हणायची, सटवाईनं नेलं. तो धनुर्वात होता. आईला द्यायच्या इंजेक्शनांचा साठा कधी यायचा, कधी यायचा नाही, आणि आला तरी डोंगरापर्यंत बर्फासकट पोचायचा नाही. सिस्टरांनी वरच्या कार्यालयाला अर्ज केला की प्रत्येक गरोदर बाईला स्वच्छ ब्लेड आणि दोरा द्या. अर्ज परत आला. दुसरा केला, तोही आला. तिसऱ्यावर शेरा होता, "उपयोग होतो यास पुरावा काय?"

त्याच वर्षी त्यांना पुण्याच्या एका कॉलेजात नर्सिंगच्या वरच्या पदवीला प्रवेश मिळाला. नोकरी सांभाळून करायची होती, आणि शेवटी एक संशोधन करून लिहून द्यायचं होतं. त्यांनी ठरवून टाकलं. हाच पुरावा आपण गोळा करायचा.

आमचे डॉक्टर वाईट नव्हते, पण हसले. "सिस्टर, उत्तर आपल्याला ठाऊक आहे. स्वच्छ पातं असेल तर पोर वाचतं. त्यात शोधायचं काय?"

"ठाऊक आपल्याला आहे, साहेब. कागदाला नाही."

 मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. आज आवडत नाही.

आराखडा असा ठरला. आमच्या हद्दीतली निम्मी गावं घ्यायची पुडीची आणि निम्मी बिनपुडीची. पुडीच्या गावात गरोदर बाईला सातव्या महिन्यात एक पुडी द्यायची. आत अर्धं ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाची वडी, स्वच्छ फडकं. तिथल्या सुईणीला सगळं शिकवायचं. बिनपुडीच्या गावात काही द्यायचं नाही आणि काही सांगायचंही नाही. फक्त विचारायचं आणि लिहायचं. वर्षानं दोन्हीकडची पोरं मोजायची. फरक दिसला की तो कागद घेऊन वर जायचं आणि सगळ्या तालुक्यासाठी पुड्या मागायच्या.

कुठलं गाव कुठं, हे आपण निवडायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या, असं त्यांच्या मार्गदर्शक बाईंचं सांगणं होतं. सुया उकळायच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि उचलल्या मी. हात माझा शुभ आहे असं सिस्टरांचं म्हणणं होतं, कारण मी मोजलेल्या गोळ्या कधी कमी भरत नसत.

वहीही मीच आखली. पट्टी धरून, एकेक पान. नाव, वय, कितवं बाळंतपण, पुडी मिळाली का, पुडी वापरली का, नसल्यास कारण, बाळ कसं आहे. शेवटाला जागा कमी पडली म्हणून कारणाचा रकाना मी अंगठ्याएवढा ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "हा रुंद करा, भाऊ. कारणं लांब असतात." मी म्हटलं, एवढी पानं आखून झालीत, आता राहू द्या. त्यांनीही मग ताणून धरलं नाही.

पुड्या आम्ही दवाखान्याच्या मागच्या खोलीत बांधल्या. चूर्णाच्या पुड्या बांधायची माझी घडी त्यांनी शिकून घेतली आणि दोन दिवसांत माझ्याहून सुबक बांधायला लागल्या. मला थोडा रागच आला. माझी अम्मा दुपारी डबा घेऊन यायची तेव्हा तीही चार पुड्या बांधू लागायची. आमचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. अम्मा बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायची. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरायला तिलाच बोलावणं असायचं. कुठल्या घरात कोण पोटुशी आहे हे आरोग्य खात्याच्या आधी तिला कळायचं. सिस्टरांचे निम्मे पत्ते तिच्याकडून आलेले.

बिनपुडीच्या गावात सिस्टर वेगळ्या दिसायच्या. जन्मभर जिथं गेल्या तिथं चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून आलेल्या बाई. आता तोंड मिटून बसायचं. डोंगरउतारावर धनगरांची एक वाडी होती, चिठ्ठीत बिनपुडीकडे गेलेली. तिथली सुईण ठकूबाई. शेळ्या राखायची, आणि पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. सिस्टरांनी वही उघडली.

"नाळ कशानं कापता?"

"इळ्यानं. आनि कशानं?" ठकूबाईनं वळचणीला खोवलेला विळा दाखवला. त्याच दिवशी त्यानं शेळ्यांना पाला तोडलेला होता.

सिस्टरांनी विळ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'विळा'. उतरताना वाटेत एका दगडावर बसल्या. म्हणाल्या, "भाऊ, नुसतं 'उकळून घ्या' एवढंच म्हणायचं होतं हो." मी पाण्याची बाटली पुढं केली. दुसरं काय करणार?

बाजारच्या दिवशी ठकूबाईच दवाखान्यात येऊन उभी राहिली. पलीकडच्या गावच्या सुईणीला बाईनं पुड्या दिल्या, हे कानावर जायचं राहतंय थोडंच.

"बाई, तितं देता, मग आमास्नी का न्हाई? आमी काय वंगाळ केलं?"

"तसं नाही, ठकूबाई. वर्षभर थांबा. मग सगळ्यांना देणार आहे."

"वरीस? पोटातलं पोर थांबतंय व्हय वरीसभर?"

सिस्टरांनी पेन्सिल काढली आणि परत अंबाड्यात खोचली. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

त्या शनिवारी त्या पुण्याला गेल्या आणि मार्गदर्शक बाईंना सगळं सांगून आल्या. त्या बाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याकडून काही काढून घेत नाही आहात. जसं चाललं होतं तसंच चाललंय. मध्येच दिलंत तर तुलना कशाशी करणार?" खोटं काहीच नव्हतं त्यात. सिस्टरांनी मला ते शब्दाला शब्द सांगितलं आणि विचारलं, "बरोबर आहे ना, भाऊ?" मी म्हटलं, "शिकलेली माणसं आहेत, बरोबरच असणार." मला काय कळत होतं! पण त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली, एवढं खरं.

थोड्या दिवसांनी दोन पुड्या बिनपुडीच्या एका गावात सापडल्या. कुणीतरी बहिणीला दिल्या होत्या. सिस्टर घाबरल्या. असं झालं तर पुरावा जाणार, आणि पुरावा गेला तर पुड्या कुणालाच नाहीत. मग पुडीच्या प्रत्येक घरात जाऊन त्यांनी बायकांकडून वदवून घेतलं. पुडी गावाबाहेर न्यायची नाही. शाळेतल्यासारखं, तीन-तीनदा. बायका हसायच्या, पण म्हणायच्या.

आता तुम्हीच सांगा, तुमच्या घरात पहिलं बाळंतपण कुठं होतं? सांगायला लागतं का? पहिलटकरीण माहेरी जाते. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हती? माझी अम्मा जिच्या हातात हिरव्या बांगड्या भरायची तिला चार दिवसांत भाऊ न्यायला यायचा, हे मी जन्मापासून बघत आलो होतो. पण आमच्या वहीत बायका नवऱ्याच्या घरच्या यादीवरून आलेल्या. कागदावर सगळ्या आपापल्या सासरी बाळंत होत होत्या. पुण्याच्या बाईंनी पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं, मी पट्टी धरून रेघा मारल्या. कुणाच्या टाळक्यात उजेड पडला नाही.

तो पडला एस्टीच्या थांब्यावर. भात झोडून झालेलं, उन्हं चढायला लागलेली. सिस्टर आणि मी पुडीच्या गावाला निघालो होतो. पुड्यांची बॅग माझ्या खांद्यावर. गाडीतून मंजुळा उतरली, भावाबरोबर. ठकूबाईची लेक. दिलेली होती पुडीच्या गावात. आठवा लागला होता, दोन्ही हात हिरवेगार, माझ्या अम्मानंच भरलेले. सिस्टरांना बघून तिला कोण आनंद झाला.

"बाई, मी चाललीया आईकडं!"

"अगं, पुडी?" सिस्टर म्हणाल्या.

"सासूपाशी ठिवलीया की. तुमीच म्हनला व्हता, गावाबाहीर न्यायाची न्हाई. आत्याबाई म्हनत व्हत्या ने, पर म्या न्हाई म्हनलं. शपथ घातल्यावानी सांगितलंय बाईनी."

असं म्हणून पोरगी शाबासकीसाठी उभी राहिली.

सिस्टरांचा हात बॅगेकडे आला. खरंच आला, मी डोळ्यांनी पाहिला. बंदावर टेकला. मी खांदा खाली केला असता, नुसतं 'घ्या' म्हटलं असतं, तर एक पुडी तिच्या पिशवीत गेली असती आणि जगात कुणाला कळलं नसतं. मी सरळ उभा राहिलो. सिस्टरांचा हात वर गेला, अंबाड्यातून पेन्सिल आली. त्यांनी वहीत मंजुळेच्या नावापुढं लिहिलं, 'माहेरी गेली'. मग तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "शहाणी आहेस."

त्या दिवशी आम्ही गावाला गेलोच नाही. परत येऊन त्यांनी वही पहिल्यापासून चाळली. पहिलटकरणी एकामागून एक निघत गेल्या. पुडी घेऊन बसलेली बिनपुडीच्या गावाला बाळंत होणार, आणि बिनपुडीची पुडीच्या. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "मला माहेर नाही, भाऊ. म्हणून सुचलं नसेल का?" मी म्हटलं, "सिस्टर, मला दोन बहिणी आहेत. मलाही सुचलं नाही." त्यानं त्यांचं काही समाधान झालं असेल असं वाटत नाही.

"मंजुळेला एक देऊन येऊ का?" मीच विचारलं. ते विचारलं होतं मी, एवढं माझ्या बाजूनं.

"एकीला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. आधी विचारते पुण्याला. अजून महिनाभर तरी आहे तिला."

पत्र त्याच दिवशी टपालात पडलं. मार्गदर्शक बाई परीक्षा घ्यायला बाहेरगावी गेल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. आठवडा गेला, दुसरा गेला. पोस्टमन दिसला की सिस्टर पायरीपर्यंत जायच्या. तो सायकलवरूनच नकाराची मान हलवायचा. मंजुळेचे दिवस मोजायला त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं एक गोल केला होता. पोर त्या गोलाची वाट बघत बसलं नाही. आधीच आलं. आम्हाला कळलं ते आठव्या दिवशी सकाळी, मंजुळेचा भाऊ धावत उतरून आला तेव्हा.

"प्वार पीत न्हाई बाई. त्वांडच उघडंना."

सिस्टरांनी पेन्सिल काढली नाही. आधी लिहू म्हणाल्या नाहीत. पायात चपला तशाच सरकवून निघाल्या. आमची जीप डॉक्टरांना घेऊन कुटुंब नियोजनाच्या शिबिराला गेली होती. चढ आम्ही जवळजवळ पळतच चढलो.

घरात अंधार केला होता. उजेडानं पोर ताठ होतंय हे ठकूबाईच्या ध्यानात आलं होतं. मुलगा होता. मूठभर चेहरा, कपाळ आवळलेलं. म्हाताऱ्यासारखी चिंता होती त्या तोंडावर. सिस्टरांनी त्याला बोटानंसुद्धा न दुखवता फडक्यात घेतलं. कापसानं ओठ ओले केले. पुण्याला न्यायचं ठरलं. दुपारची एस्टी गाठायला मंजुळेचा भाऊ पुढं पळाला, गाडी थांबवून धरायला. मंजुळेनं लुगडं नेसून घेतलं, ओली बाळंतीण, भिंत धरून उभी. आम्ही शेळ्यांच्या वाड्यापर्यंत आलो असू. सिस्टर थांबल्या. त्यांनी फडकं थोडं बाजूला केलं, कान लावला आणि तशाच खाली बसल्या.

एस्टीचा हॉर्न खाली वाजत होता. तो ड्रायव्हर बराच वेळ थांबला होता बिचारा.

मंजुळा रडली ती बाईच्याच गळ्यात पडून. "बाई, म्या तर तुमी सांगितलं तसंच केलं." पुन्हा पुन्हा तेच. तिला दोष द्यायचा नव्हता हो. आपलं काय चुकलं, एवढंच तिला विचारायचं होतं. सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी मागं घराच्या वळचणीकडे पाहिलं. विळा त्याच जागी होता.

ठकूबाई रडली नाही. तिनं नातवाला सिस्टरांच्या मांडीवरून उचललं, आत नेऊन ठेवलं आणि बाहेर येऊन समोर बसली. माझ्याकडे बोट केलं. माझ्या खांद्यावर वहीची पिशवी होती.

"बाई, तुमची वही काडा."

"ठकूबाई, राहू दे आता."

"न्हाई, काडा. तुमीच म्हनता, आदी लिवू, मग बगू. आता लिवा."

टोमणा होता का तो? मी इतकी वर्षं विचार करतो. मला वाटतं नव्हता. नातू आठ दिवस होता, त्याची कुठंतरी नोंद व्हावी असं म्हातारीला वाटलं असेल. पण सिस्टरांच्या तोंडाकडे मला बघवेना. त्यांनी वही उघडली, पान काढलं. हात अंबाड्याकडे गेला. पेन्सिल हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवली.

"भाऊ, तुमचं पेन द्या."

मी खिशातलं शाईचं पेन काढून दिलं. त्यांनी लिहिलं. फार वेळ लागला नाही. फुंकर घालून शाई वाळवली आणि वही मिटली. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

तीन दिवसांनी पुण्याचं उत्तर आलं. 'बाळंतपण ज्या गावी होईल, त्या गावात नोंद धरावी. पुडी देऊ नये.' विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर. सिस्टरांनी ते उभ्यानं वाचलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि मागच्या खोलीत गेल्या. परत आल्या त्या पुड्यांची पेटी ओढत. त्या आठवड्यात आम्ही बिनपुडीचं एकही गाव सोडलं नाही. प्रत्येक सुईणीला बसवून त्यांनी सगळं शिकवलं. घसा बसेपर्यंत बोलल्या. ठकूबाईनंही पुडी घेतली, दुसऱ्या कुणाच्या तरी सुनेसाठी. ब्लेड उलटसुलट करून पाहिलं, पुडी पुन्हा बांधली आणि कमरेला खोचली. 

लपवणं सिस्टरांच्या स्वभावात नव्हतं. सगळं जसं झालं तसं त्यांनी कॉलेजला लिहून कळवलं. मार्गदर्शक बाई स्वतः आल्या एकदा. रागावल्या नाहीत, हळहळल्या. "आता तुलना राहिली नाही. यातून काही सिद्ध होणार नाही," म्हणाल्या. पदवी राहून गेली. बांधलेल्या पुड्या काही महिन्यांत संपल्या. नव्यासाठी चौथा अर्ज गेला आणि तोच शेरा घेऊन परत आला. पुरावा नव्हताच. होता तो वहीत होता, आणि ती वही आता कुणाला नको होती.

त्यानंतरही त्या वर्षभर होत्या. काम तेच, चालणं तेच. फक्त 'आधी लिहू' मी पुन्हा ऐकलं नाही. कुणी आलं की त्या आधी त्याच्याकडे बघायच्या, फार वेळ बघायच्या. लोकांना ते आवडायचं. मला ते बघवत नसे. मग बदली झाली, लांबच्या जिल्ह्यात. एस्टीत बसताना वही माझ्या हातात दिली. "कपाटात असू द्या, भाऊ. जाळू नका." एक-दोन पत्रं आली. नंतर आली नाहीत. मी पत्ता शोधायला हवा होता. शोधला नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा कपाट रिकामं करताना ती वही निघाली. इतकी वर्षं ती माझ्या हाताशीच होती आणि मी उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली. पेन्सिलीचं लिखाण पानोपानी करडं होऊन पुसट झालेलं, काही ठिकाणी वाचताही येत नव्हतं. मध्येच एक ओळ निळ्या शाईची, काल लिहिल्यासारखी. मंजुळेची.

पुडी मिळाली का? होय. वापरली का? नाही. नसल्यास कारण.

मी आखलेल्या त्या अंगठ्याएवढ्या रकान्यात तीन शब्द नीट मावले होते. 'मी सांगितलं म्हणून.'

थांब्यावर पुड्यांची बॅग माझ्या खांद्यावर होती, हे त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं.